झाडावर चढता येतं, पण कागद कुठाय? परदेशात आर्बोरिस्टचं काम शोधण्याआधीचा धडा



मे महिन्यातली गोष्ट. पावसाच्या तोंडावर आमच्या अलोऱ्यातल्या दुकानात गर्दी असते. ताडपत्री, प्लास्टिकचा कागद, दोरखंड, कोयत्या, सगळं एकदम हवं असतं. त्या गर्दीत एक ओळखीचा मुलगा दोरी घ्यायला आला. वय २४, बारावी पास. नारळ पाडतो, कवळ तोडतो, घरावर आलेल्या फांद्या उतरवून देतो. हात एकदम साफ. दोरी घेतली, पण जाईना. गर्दी कमी झाल्यावर त्याने मोबाईल पुढे केला.

कॅनडातल्या एका कंपनीचं नोकरीचं पत्र होतं. पद ‘आर्बोरिस्ट’. एजंटला सगळे मिळून २ लाख ८० हजार द्यायचे. त्यातले ६५ हजार दोन दिवसांत, ‘एलएमआयए फी’ म्हणून.

“दादा, आईच्या पाटल्या गहाण ठेवायचं ठरलंय. बाकीचे महिना दोन टक्क्यांनी मिळतायत. तुम्ही फक्त एकदा बघा, खरं आहे ना?”

आजचा धडा त्याच्या या प्रश्नावर आहे. व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. तुम्ही झाडाचं काम करत नसाल तरी वाचा. प्लंबर, वेल्डर, सुतार, कुणालाही हाच हिशोब लागू आहे.

आधी त्या पत्राचं काय झालं ते सांगतो

पत्रातली एकच ओळ पुरेशी होती. कॅनडातल्या मालकाला बाहेरून माणूस आणायचा असेल, तर बहुतेक वेळा तिथल्या सरकारकडून आधी एलएमआयए घ्यावं लागतं, म्हणजे ‘लेबर मार्केट इम्पॅक्ट असेसमेंट’. या जागेला स्थानिक माणूस मिळत नाही, असं मालकाने दाखवून द्यायचं. त्याची फी एका जागेला १,००० कॅनेडियन डॉलर. ती मालकानेच भरायची आणि कामगाराकडून वसूल करायची नाही, असा तिथला नियम आहे. म्हणजे जी फी आपल्या मुलाने भरायचीच नव्हती, तीच त्याच्याकडे मागितली होती.

दुसरी खूण ईमेलची. कंपनी खरी होती, तिची वेबसाईटही होती. पण पत्रावरचा पत्ता फुकटच्या मेल सेवेचा होता. आम्ही कंपनीच्या वेबसाईटवरचा पत्ता शोधून तिथे साधं पत्र लिहिलं: ‘हे पत्र तुम्ही दिलंय का?’ दोन दिवसांनी उत्तर आलं, ‘नाही, आम्ही अशी भरती करत नाही.’

पाटल्या घरातच राहिल्या. पण मुलगा खूश नव्हता. तो म्हणाला, “पत्र खोटं होतं, पण काम तर खरं आहे ना? मग खऱ्या वाटेने कसं जायचं ते सांगा.” प्रश्न बरोबर होता.

धडा १ : हे काम नेमकं काय आहे?

आर्बोरिस्ट म्हणजे झाडांची निगा राखणारा कारागीर. ब्रिटनमध्ये त्याला ‘ट्री सर्जन’ही म्हणतात. लाकूडतोड्या वेगळा आणि माळी वेगळा. शहरातलं, रस्त्याकडेचं, घराजवळचं मोठं झाड उभं ठेवून त्याची धोक्याची फांदी उतरवणं, वाळकी काढणं, झाड तपासणं, आणि अगदीच इलाज नसेल तर तुकड्या-तुकड्याने खाली आणणं, हे त्याचं काम.

आपल्या मुलांना यातलं अर्धं काम येतं. पण उरलेलं अर्धं कुठलं, ते ओळखा.

आपण जाड फांदी वरून एका दमात तोडतो. ती अर्धी तुटली की वजनाने खाली येते आणि येताना खोडाची साल सोलून नेते. आर्बोरिस्ट तीन काप घेतो. पहिला काप खोडापासून फूटभर लांब, फांदीच्या खालच्या अंगाने, थोडासाच. दुसरा त्याच्या जरा पुढे, वरून. फांदी पडते, पण साल सोलली जात नाही. मग उरलेला खुंट तिसऱ्या कापाने काढायचा. तोही खोडाला घासून नाही, तर फांदीच्या मुळाशी जो फुगवटा असतो त्याच्या जरा बाहेर. कारण झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाही. झाड आतून भिंत घालून सडका भाग अडवतं आणि बाहेरून नवी वाढ चढवतं. हे नीट मांडलं अमेरिकेतले वनशास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शायगो यांनी. त्यांच्या कामानंतर जगभरची छाटणीची पद्धत बदलली. फुगवटा कापला, तर ती भिंतच कच्ची राहते.

दुसरा फरक जिवाचा. आपला माणूस पायात दोरीचं कडं अडकवतो आणि देवाचं नाव घेऊन चढतो. तिथे हार्नेस, हेल्मेट, चेन सॉ चालवताना कापापासून वाचवणारी खास पँट, आणि खाली एक शिकलेला माणूस. वरचा अडकला तर त्याला उतरवून आणायचा सरावही आधी करून घेतात. आमच्या शेजारच्या वाडीतला एक नारळ पाडणारा सहा वर्षांपूर्वी माडावरून पडला. आज तो अंथरुणावर आहे आणि घर त्याची बायको चालवते. वर चढणाऱ्यात काही कमी नव्हतं. कमी होता तो एक पट्टा आणि एक विमा.

धडा २ : मालकाच्या खुर्चीत बसून बघा

मी प्रत्येक बॅचला सांगतो, विकायच्या आधी गिऱ्हाईक व्हा. परदेशातल्या मालकाला काय दिसतं ते कळायला लांब जायची गरज नाही. आपल्याच आंबा बागांत बघा.

रत्नागिरी, देवगडच्या बागांत दर हंगामाला नेपाळहून माणसं येतात. राखण करतात, फवारणी करतात, आंबा काढतात. आपल्या दृष्टीने तेही झाडावर काम करणारे परदेशी कामगारच. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे त्यांना व्हिसा लागत नाही. मग बागायतदार त्यातला नेमका कुणाला घेतो? गेल्या वर्षी आलेल्याला. नाहीतर त्याने सोबत आणलेल्या भावाला. अनोळखी माणूस दारात आला आणि ‘मी झेल्याने आंबा चांगला काढतो’ म्हणाला, तर तुम्ही लगेच बाग ताब्यात द्याल का? नाही ना?

कॅनडा, जर्मनी, ऑस्ट्रेलियातल्या मालकापुढे तुम्ही तो दारातला अनोळखी माणूस आहात. त्याला तुमचा हात दिसत नाही, गावातलं नाव ठाऊक नाही. वर त्याच्यावर विम्याची आणि कायद्याची जबाबदारी. तुम्ही पडलात किंवा फांदी कुणाच्या गाडीवर पडली, तर पहिला प्रश्न त्याला विचारतात: ‘या माणसाला शिकवलं होतं का? पुरावा दाखवा.’

म्हणून तिथे कागद लागतो. ओळखीचं काम तिथे कागद करतो.

धडा ३ : कुठे, कोणता कागद?

*आखाती देश.* चिपळूण-खेडच्या माणसाला ही वाट नवी नाही. तिथे झाडाचं काम म्हणजे मुख्यतः खजूर. माडावर चढणाऱ्याला खजूर जवळचा वाटेल, पण पानाच्या बुंध्याशी सुईसारखे काटे असतात. शिवाय नर आणि मादी झाड वेगळं, त्यामुळे परागसिंचन माणसाला वर चढून हाताने करावं लागतं. पद बहुतेक वेळा ‘गार्डनर’ किंवा ‘लँडस्केप लेबर’ असंच लिहिलेलं असतं आणि पगारही त्याच हिशोबाने. उन्हाचा विचार करून जा. संयुक्त अरब अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घ्यायला बंदी आहे, यावरून समजा. आणि तिथल्या कायद्याने भरतीचा खर्च मालकाने करायचा असतो, कामगाराने नाही.

*जर्मनी.* इथे मळलेली वाट म्हणजे माळीकामाची तीन वर्षांची ‘आउसबिल्डुंग’. काम करत शिकायचं, शिकताना भत्ता मिळतो. पण जर्मन भाषा साधारण बी-१ पातळीपर्यंत आधी यावी लागते. झाडावर दोरीने चढायचे वेगळे कोर्स आहेत, ‘एसकेटी-ए’ आणि ‘एसकेटी-बी’. ‘ए’ झाला आणि प्रत्यक्ष चढाईचे तास भरले की मगच ‘बी’, म्हणजे झाडावर राहून चेन सॉ चालवायची परवानगी. युरोपभर ओळखलं जाणारं ‘युरोपियन ट्री वर्कर’ असंही एक प्रमाणपत्र आहे. नियम किती बारीक असतात त्याचं एक उदाहरण देतो. पक्ष्यांच्या विणीसाठी १ मार्च ते ३० सप्टेंबर या काळात तिथे कुंपणं आणि झुडपं जमिनीलगत तोडायला बंदी असते, फक्त हलकी छाटणी चालते. हे आपल्या मुलाखतीत नुसतं बोलता आलं तरी समोरचा सावरून बसेल.

महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला, हे तुम्ही ऐकलं असेल. पण करार झाला म्हणजे आपली जागा झाली असं नाही. ट्रेडची यादी बघा, त्यात आपलं काम आहे का ते बघा, मगच नाव द्या.

*इंग्रजी बोलणारे देश.* ऑस्ट्रेलियात या कामाची पात्रता ‘सर्टिफिकेट थ्री इन आर्बोरिकल्चर’. ब्रिटनमध्ये चेन सॉ, झाडावर चढणं, झाडावरून सुटका या प्रत्येकाची वेगळी परीक्षा. शिवाय ब्रिटनने जुलै २०२५ मध्ये कुशल कामगार व्हिसाची पातळी पदवीच्या दर्जावर नेली, त्यामुळे हाताच्या कामांना ते दार बरंच अरुंद झालं. तिथलं ‘ट्री सर्जन’चं पत्र आलं तर दहादा तपासा.

*आयएसए.* ‘इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बोरिकल्चर’ ही १९२४ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली संस्था. तिचं ‘सर्टिफाईड आर्बोरिस्ट’ हे प्रमाणपत्र बऱ्याच देशांत ओळखतात. परीक्षेला २०० प्रश्न. पण परीक्षेला बसायलाच तीन वर्षांचा पूर्णवेळ अनुभव लागतो, किंवा शिक्षण आणि अनुभव मिळून. एकदा मिळालं की दर तीन वर्षांनी अभ्यासाचे ३० गुण दाखवून नूतनीकरण. आणि हे लक्षात ठेवा: आयएसएचं प्रमाणपत्र म्हणजे व्हिसा नाही. ते फक्त मालकाला सांगतं की हा माणूस शिकलेला आहे.

धडा ४ : कागद अलोऱ्यात बसून कसा तयार करायचा?

आमच्या मुलाने इथे डोक्याला हात लावला. “दादा, मी आठ वर्षं झाडावर चढतोय. म्हणजे तीन वर्षं कधीच झाली.”

मी विचारलं, “पुरावा?”

एक बिल नाही. एक फोटो नाही. आठ वर्षांचा अनुभव कागदावर शून्य.

सगळ्यात महत्त्वाचं काय ते इथेच सांगतो. अनुभवाचं घड्याळ तुम्ही झाडावर चढता तेव्हा सुरू होत नाही, तुम्ही ते लिहून ठेवता तेव्हा सुरू होतं. आजपासून लिहिलंत तर तीन वर्षांनी हातात काहीतरी असेल. नाही लिहिलंत, तर तीन वर्षांनीही तुम्ही आज आहात तिथेच.

काय करायचं ते क्रमाने:

१. नोंदवही. साधी दोनशे पानी वही. प्रत्येक कामाला एक ओळ: तारीख, गाव, झाड, छातीच्या उंचीवर खोडाचा घेर, काय काम केलं, कोणती साधनं वापरली, किती तास, मालकाची सही. उदाहरणार्थ: ‘आंबा, घेर २१० सेंमी, कौलांवरची वाळकी फांदी तीन कापांनी उतरवली, दोरीने खाली सोडली, हार्नेस व हेल्मेट, ४ तास.’ आधीचा आणि नंतरचा फोटो मोबाईलमध्ये तारखेच्या फोल्डरला.

२. बिलबुक. दुकानात मिळतं ते साधं. स्वतःचा धंदा करणाऱ्याचा अनुभव बिलं आणि ग्राहकांच्या पत्रांवरूनच सिद्ध होतो. शंभर रुपयांचं काम असलं तरी बिल फाडायचं.

३. पहिलं प्रशिक्षण. नारळ विकास मंडळाने २०११ मध्ये ‘फ्रेंड्स ऑफ कोकोनट ट्री’ म्हणजे नारळाच्या झाडाचे मित्र ही योजना सुरू केली. सहा दिवसांचं प्रशिक्षण, यंत्राने माडावर चढायला शिकवतात. मंडळाकडे चढणाऱ्यांसाठी ‘केरा सुरक्षा’ अपघात विमाही आहे. पुढची बॅच कधी, याची चौकशी मंडळाकडे करा. रत्नागिरीजवळ भाट्ये येथे कोकण कृषी विद्यापीठाचं प्रादेशिक नारळ संशोधन केंद्र आहे, तिथेही जाऊन विचारा. हे आर्बोरिस्टचं प्रमाणपत्र नाही, पण तुमच्या फाईलमधला पहिला छापील कागद आहे.

४. प्रथमोपचाराचा कोर्स. रक्त थांबवणं, छाती दाबून श्वास परत आणणं. चढणाऱ्याच्या बहुतेक परीक्षा हे आधी मागतात.

५. पासपोर्ट आणि भाषा. दहावी पास असाल तर पासपोर्ट काढताना तो दाखला जोडा. नाहीतर पासपोर्टवर ‘ईसीआर’ येतो आणि आखातासह ठरावीक देशांत कामाला जाताना सरकारची वेगळी मंजुरी लागते. भाषेला रोज अर्धा तास. “खाली कोणी नाही ना?” आणि “थांब, दोरी सोडू नकोस!” हे परक्या भाषेत झोपेतही म्हणता आलं पाहिजे.

धडा ५ : पैशाचा हिशोब, भावनेचा नाही

त्या मुलाचं गणित आम्ही दुकानातल्याच कागदावर मांडलं. सोपं राहावं म्हणून सगळी रक्कम कर्जाची धरली. २ लाख ८० हजार, महिना दोन टक्के, म्हणजे व्याजच महिन्याला ५,६०० रुपये. वर्षाला ६७,२००. आणि इथे त्याची महिन्याची शिल्लक किती? साधारण ६ हजार. म्हणजे व्हिसा लागेपर्यंतच्या प्रत्येक महिन्याला त्याची जवळपास सगळी शिल्लक व्याजात जाणार होती, मुद्दलाला हात न लागता.

आता दुसरी बाजू. आपल्या कायद्याने, म्हणजे १९८३ च्या उत्प्रवास कायद्याने, परदेशी नोकरीसाठी माणसं भरणाऱ्या एजंटला सरकारी नोंदणी लागते. तो तुमच्याकडून सेवाशुल्क घेऊ शकतो जास्तीत जास्त ३० हजार रुपये अधिक जीएसटी, आणि त्याची पावती द्यायची. नोंदणी खरी की खोटी हे सरकारच्या ‘ई-मायग्रेट’ वेबसाईटवर नाव टाकून पाच मिनिटांत कळतं. मुंबईत ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’चं कार्यालय आहे, तिथे तक्रारही करता येते.

तेव्हा एजंटसमोर बसलात की हे चार प्रश्न:

- नोंदणी क्रमांक काय? (तिथेच मोबाईलवर तपासा.)
- पैसे कशाचे, आणि प्रत्येकाची पावती मिळेल का?
- व्हिसा कामाचाच ना? (‘आधी व्हिजिटवर जा, तिकडे बदलून घेऊ’ म्हणाला की उठायचं.)
- करारावर कामाचं नाव, पगार, तास, राहणं आणि विमा लिहिलाय का?

चारातल्या एकाचंही उत्तर गोल आलं, तर नमस्कार करून बाहेर पडा.

धडा ६ : आणि नाहीच गेलात तर?

ही फाईल वाया जात नाही, हा तिचा मोठा गुण. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला आलं, तेव्हा दापोली-मंडणगड भागात माड, पोफळी, आंबे आडवे झाले. पडलेलं झाड घरावरून नीट उतरवणारा माणूस मिळत नव्हता. आजही चिपळुणातल्या सोसायट्या, शाळा, आपल्या इथली कोयना प्रकल्पाची जुनी वसाहत, सगळीकडे मोठी झाडं इमारतींना टेकलेली आहेत. पट्टा बांधणारा, विमा असलेला, बिल देणारा माणूस दोन पैसे जास्त मागू शकतो आणि लोक देतात.

फक्त दोन नियम पाळा. शहरात झाड तोडायचं असेल तर १९७५ च्या झाडांच्या कायद्याप्रमाणे नगरपरिषदेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी, आणि गावात तोडायच्या आधी वन खात्याकडे चौकशी. ती मालकाने घ्यायची, पण कागद बघितल्याशिवाय तुम्ही करवत लावायची नाही. दुसरा: विजेच्या तारेला टेकलेल्या फांदीला हात लावायचा नाही. महावितरणला कळवायचं, लाईन बंद झाल्याची खात्री करायची, मग पुढचं.

आता तुम्ही विचाराल, त्या मुलाचं काय झालं?

तो अजून इथेच आहे. पहिल्या महिन्यात त्याच्या वहीत अकरा नोंदी झाल्या. सह्या मागायला आधी लाजायचा, आता वही स्वतःच पुढे करतो. हार्नेस घेतला, तो हप्त्याने, माझ्याकडूनच. जर्मन शिकायचं की इंग्रजी पक्कं करायचं, यावर आमचं अजून एकमत नाही. तो तीन वर्षांनी जाईलच असं मी म्हणत नाही. पण तेव्हा कुणी पत्र दाखवलं, तर ते खरं की खोटं हे त्याला मला विचारावं लागणार नाही.

या आठवड्याचा गृहपाठ : तुमच्या हातातलं कोणतंही काम घ्या. गेल्या तीन महिन्यांत केलेली दहा कामं आठवून वहीत लिहा: तारीख, काम, तास, गिऱ्हाईक. मग त्यातल्या किती कामांचा पुरावा आहे ते मोजा. तो आकडा व्हिडिओखाली लिहा. शून्य असला तरी लिहा, लाजू नका. आमच्या मुलाचाही शून्यच होता.

भेटूया पुढच्या धड्यात. चढताना पट्टा लावा!